आधी आतली चड्डी, मग बाहेरची

माउंटन बाइक घ्यायला निघालेला माणूस फोर्कला ट्रॅव्हल किती, ब्रेक हायड्रॉलिक आहेत का, टायर ट्यूबलेस करता येतात का, याची महिनाभर चौकशी करतो. हेल्मेटही आता बहुतेक जण चार ठिकाणी विचारून घेतात. पँटचा विषय मात्र सगळ्यात शेवटी निघतो आणि घरातल्या ट्रॅकपँटवर किंवा बर्म्युडावर मिटतो. मग डोंगरातल्या दोन-चार राइड झाल्या की मांड्या सोलवटतात, सीटवर टेकवत नाही, आणि दोष सीटला दिला जातो. सीटवर सीट बदलूनही त्रास न थांबलेली आणि धड पॅडेड चड्डी घातल्यावर निवांत झालेली माणसं मी बरीच पाहिली आहेत.

या लेखात दोन गोष्टी आग्रहाने मांडायच्या आहेत. खर्चाला पैसे मोजकेच असतील तर ते आधी आतल्या चड्डीवर घालावेत, बाहेरच्या शॉर्ट्सवर नंतर. आणि बाहेरचा कपडा निवडताना पाहायचं ते सह्याद्रीतलं ऊन, पाऊस आणि काटे. कॅनडात किंवा स्कॉटलंडमध्ये काय चालतं यावर इथली खरेदी ठरवू नये. बाजारात बहुतेकदा याच्या उलट घडतं, कारण फोटोत बाहेरची शॉर्ट्सच दिसते.

हा पोशाख असा का झाला हे समजायला थोडं मागे जावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत टॅमलपायस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली मातीच्या उतारावरून सोडत असत. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही त्यांतली नावं. 21 ऑक्टोबर 1976 ला त्यांनी ‘रीपॅक’ नावाची उताराची शर्यत भरवली. त्या काळातल्या फोटोंत हे लोक जीन्स, जाड बूट आणि कातडी हातमोजे घालून दिसतात. त्यात फॅशनचा भाग नव्हता. पडणं ठरलेलंच होतं आणि डेनिमने कातडी वाचत होती. शिवाय शर्यत होती उताराची, पेडल मारायचं काम बेताचंच.

चढ आला की मात्र जीन्स उपयोगाची राहत नाही. तिच्या जांघेत जाड दुहेरी शिवण येते, ती नेमकी सीटवर बसायच्या जागी. घामाने भिजलेलं डेनिम जड होतं, गुडघ्यावर अडकतं आणि लवकर वाळत नाही. पुढे डोंगरातल्या सायकलिंगला शर्यतींचं रूप आलं. 1990 साली कोलोरॅडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, 1996 ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉसकंट्री आली, आणि रस्त्यावरच्या शर्यतीतली अंगाला घट्ट बसणारी लायक्राची चड्डी डोंगरात पोचली. लायक्राचा धागा ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 साली शोधला होता. ही चड्डी हलकी, ताणली जाणारी आणि कुठेही चुणी न पडणारी, त्यामुळे क्रॉसकंट्रीत आजही तिचंच राज्य आहे.

उताराच्या शर्यतीत, म्हणजे डाउनहिलमध्ये, वेगळंच घडलं. स्नोबोर्डिंगमधून आलेला शॉन पामर 1996 च्या केर्न्सच्या जागतिक स्पर्धेत मोटोक्रॉसवाल्यांसारखा ढगळ पोशाख घालून उतरला आणि निकोला व्हुयोझच्या पाठोपाठ अगदी थोडक्या फरकाने दुसरा आला. त्यानंतर ढगळ, मजबूत कपड्यांकडे डाउनहिलवाल्यांचा ओढा वाढत गेला, आणि आज तर तिथे अंगाला चिकटणारे लायक्राचे कपडे नियमानेच बंद आहेत. आपण ट्रेलवर वापरतो ती जोडी, आत पॅड असलेली घट्ट चड्डी आणि वर ढगळ शॉर्ट्स, या दोन परंपरांच्या मेळातून तयार झाली. आतली चड्डी बसण्यासाठी आणि बाहेरची झाडी, खडक, पडणं यांच्यासाठी. दोघींची कामं वेगळी आहेत एवढं लक्षात घेतलं तरी निम्मा गोंधळ सुटतो.

आतली चड्डी, म्हणजे लायनर, घेताना नक्की काय पाहायचं? सायकलवर बसल्यावर शरीराचा भार ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर यायला हवा. या दोन हाडांच्या मधल्या नाजूक भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. पॅडचं काम हाडांखाली आधार देण्याचं आणि मधला भाग मोकळा ठेवण्याचं. म्हणून चांगल्या पॅडमध्ये फोम सगळीकडे सारखा नसतो. हाडांखाली तो घट्ट आणि जाड असतो, मध्ये पातळ किंवा खाचेचा, कडेला निमुळता होत कापडात विरतो. स्वस्त चड्डीत एकाच जाडीचा मऊ स्पंज सरसकट शिवलेला असतो. दुकानात तो हाताला गुबगुबीत लागतो आणि फार मऊ म्हणून आवडतो, पण तासाभरात दबून कागदासारखा होतो.

पारखण्याची पद्धत सोपी आहे. जिथे हाडं टेकणार ती जागा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून जोरात दाबायची. दोन्ही बोटं जवळजवळ एकमेकांना लागली तर ती चड्डी परत ठेवावी. बोटांच्या मध्ये दाटपणा उरला आणि सोडल्यावर फोम लगेच मूळ आकारात आला, तर ती पुढे पाहायला हरकत नाही. मग चड्डी उलटी करून पॅडची कड बघायची. कडेची शिवण उंच, टोचरी असेल तर ती मांडीच्या आतल्या बाजूला घासणारच. पॅडच्या मधोमध शिवण असेल तर ती चड्डी कितीही स्वस्त असो, नको.

रस्त्यावरच्या लांब राइडसाठीचा जाड पॅड डोंगरात लागतोच असं नाही. रस्त्यावर माणूस तासन्‌तास एकाच बैठकीत असतो. डोंगरात चढावर बसतो, दगडांवर उठतो, उतारावर सीटच्या मागे सरकतो. या सारख्या हालचालीत जाड पॅड मध्येच लोंबतो आणि सीटच्या नाकाला अडतो. मध्यम जाडीचा, दाट फोमचा पॅड इथे बरा.

या चड्डीखाली अंडरवेअर घालायची नाही. संकोचाने म्हणा, माहिती नसल्याने म्हणा, आपल्याकडे ही चूक सर्रास होते आणि पॅडवर केलेला सगळा खर्च तिथेच वाया जातो. अंडरवेअरच्या शिवणी आणि कडा पॅड आणि कातडी यांच्यामध्ये येतात, सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि घर्षणाला नवी जागा मिळते. पूर्वी चड्डीत खऱ्या कातड्याचा तुकडा शिवलेला असे. तो धुऊन वाळला की कडक होई आणि मऊ राहावा म्हणून त्याला मलम चोळावं लागे. आजचे पॅड कृत्रिम आहेत, त्यांना मलम लागत नाही. क्रीम लावायची ती घर्षण कमी करण्यासाठी, आणि लांब राइडला ती उपयोगी पडते.

आपल्या दमट हवेत खरा त्रास होतो तो केसतोड आणि नायट्याचा. घामेजलेली चड्डी घालून राइडनंतर तासभर मिसळ खात बसणं हे त्याचं मोठं कारण. गाडीत एक कोरडी हाफपँट ठेवावी आणि राइड संपल्यावर पहिल्यांदा कपडे बदलावेत. एकदा घातलेली चड्डी न धुता दुसऱ्या दिवशी घालू नये. धुताना उलटी करून, साध्या पाण्यात, सौम्य साबणाने धुवावी. कापड मऊ करणारं द्रव्य, ब्लीच, गरम पाणी आणि इस्त्री या चारही गोष्टी टाळाव्यात, कारण त्यांनी लवचीक धागा तरी मरतो किंवा घाम शोषणारं कापड तरी बुजतं. पावसाळ्यात पॅड वाळायला दोन-दोन दिवस लागतात, म्हणून एका महागड्या चड्डीपेक्षा दोन मध्यम किमतीच्या असलेल्या बऱ्या.

एक इशारा मात्र द्यायला हवा. बसल्यावर मुंग्या येत असतील, बधिरपणा येत असेल, तर तो पॅडचा प्रश्न समजू नये. सीटची उंची, कल किंवा रुंदी चुकलेली असण्याची शक्यता जास्त. जाड पॅड घालून बधिरपणावर पांघरूण घालणं धोक्याचं आहे.

खांद्यावरून पट्टे येणाऱ्या बिबचा प्रश्न आवडीचा आहे. कमरेला इलॅस्टिक काचत नाही, पॅड जागचा हलत नाही, हे फायदे खरे. आता तर पाठीला पाण्याची पिशवी आणि हत्यारं ठेवायचे खिसे असलेले बिबही मिळतात. पण एप्रिलच्या उन्हात अंगावर आणखी एक थर चढतो आणि लघवीला जाताना खटाटोप होतो. कमरेची साधी लायनर बहुतेकांना पुरते.

आता बाहेरच्या कपड्याकडे. पहिला मुद्दा कापडाचा. ठरावीक तापमान आणि आर्द्रतेत कापूस वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरतो, नायलॉन सुमारे 4 टक्के आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून भिजलेली सुती बर्म्युडा लोंबते, चिकटते आणि घासते. नायलॉन आणि पॉलिस्टर यांत निवड करायची झाली तर मी डोंगरासाठी नायलॉनच्या बाजूने आहे. ते थोडं उशिरा वाळतं, पण घर्षणाला जास्त टिकतं, आणि सह्याद्रीतला बेसाल्टचा खडबडीत खडक कापडाची परीक्षा घेतो. नायलॉनसोबत दहा-पंधरा टक्के लवचीक धागा असला की पेडल मारताना कापड अडत नाही. लेबल शिवणीच्या आत असतं, ते वाचूनच घ्यावं. ‘ड्राय-फिट’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी त्यावरून काही कळत नाही.

कापड विणीचं की मागावरचं हा प्रश्न परदेशी परीक्षणांत क्वचितच येतो, पण आपल्याकडे तो मोठा आहे. त्याचं कारण कुसळं. पावसाळा सरून टेकड्यांवरचं गवत पिवळं पडलं की कुसळं सुटी होतात. एका टोकाला अणकुचीदार सुई, तिच्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागे पिळाची लांब शेपटी. ओल मिळाली की शेपटीचा पीळ उलगडतो, कुसळ फिरतं आणि सुई आत आत शिरते. मागे वळलेल्या केसांमुळे ती मागे फिरत नाही. टी-शर्टच्या जातीच्या विणीच्या कापडात कुसळं शेकड्याने अडकतात, आणि नुसत्या लायक्रात तर ती थेट मांडीला टोचतात. दाट, गुळगुळीत, मागावरच्या नायलॉनवर बहुतेक कुसळं टिकतच नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरात ज्याने मावळात किंवा पुण्याच्या टेकड्यांवर सायकल चालवली आहे त्याला या एका गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

घाणेरी आणि करवंदीची जाळी हा दुसरा प्रश्न. पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी ती अंगावर येते. पातळ कापड तिला अडकलं की फाटतं आणि उघडी पोटरी ओरबाडून निघते. इथूनच लांब पँटचा विचार सुरू होतो.

त्याआधी शॉर्ट्सच्या कापाविषयी. उभं राहून आरशात बघणं पुरेसं नाही, कारण सायकलवर आपण उभे नसतो. ट्रायल रूममध्ये शॉर्ट्स घालून उकिडवं बसावं. मागून कंबर उघडी पडते का, पोटाला पट्टा रुततो का, गुडघा वर येताना कापड मांडीवर ताणतं का, हे तिथे लगेच कळतं. डोंगराच्या शॉर्ट्सची कंबर मागून उंच आणि पुढून जराशी खाली असायला हवी. दोन्ही पायांच्या जोडावर सरळ शिवण न येता वेगळा तुकडा घातलेला हवा, म्हणजे शिवणी सीटवर येत नाहीत आणि पाय मोकळे फाकतात.

लांबीबद्दल मतभेद आहेत. माझं मत असं की उभं असताना शॉर्ट्स गुडघ्याच्या वाटीपर्यंत यावी. सायकलवर बसलं की ती दोन-तीन इंच वर सरकते. त्याहून आखूड घेतली तर गुडघ्याचं पॅड आणि शॉर्ट्स यांच्यामध्ये कातडीची पट्टी उघडी राहते, आणि पडल्यावर नेमकी तीच खरचटते. फार ढगळ शॉर्ट्सही नको. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवतानाच सीट खाली-वर करता येणारी दांडी, असेल किंवा उतारावर सीट खाली घेण्याची सवय असेल, तर मागे सरकलेलं शरीर पुढे आणताना लोंबणारी जांघ सीटच्या नाकाला अडकते. दगडी उतारावर ते क्षणभर अडकणंही पाडायला पुरेसं असतं.

खिसे कमी असावेत आणि झिपचे असावेत. फोन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या खिशात. पुढच्या खिशात तो प्रत्येक पेडलला आपटतो. किल्ल्या कमरेच्या हाडाजवळ अजिबात ठेवू नयेत, कुशीवर पडलं की त्याच आत घुसतात. कमरेला वेल्क्रोच्या पट्ट्या असतील तर त्या कालांतराने कचरा धरून निकामी होतात. आतून बटनाचं इलॅस्टिक किंवा बक्कल जास्त टिकतं.

गेल्या काही वर्षांत शर्यतींत आणि ट्रेलवरही लांब पँट वाढल्या आहेत. आपल्याकडे त्या गरम होतील म्हणून लोक टाळतात. उन्हाळ्यात हे खरं आहे. मार्च ते मेमध्ये पातळ शॉर्ट्सला पर्याय नाही. पण ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी, म्हणजे आपला सायकलचा उत्तम हंगाम, त्यात पातळ लांब पँट शॉर्ट्सपेक्षा सरस ठरते असं मला ठामपणे वाटतं. कुसळं, घाणेरी, पहाटेचा गारवा, खरचटणं या सगळ्यांवर ती एकदम उपाय आहे. शिवाय डोंगरातली वाट गावातून, देवळापाशी, एखाद्याच्या अंगणातून जाते. तिथे थांबून पाणी मागताना, चार शब्द बोलताना पूर्ण पँटमध्ये आपल्यालाही मोकळं वाटतं आणि समोरच्यालाही.

तिची पारख अशी करावी. पोटरीपासून खाली ती निमुळती हवी, नाहीतर उजवा पाय चेनरिंगमध्ये जातो. जुन्या काळी सायकलवर जाणारे लोक विजारीला क्लिप लावत, ते याच कारणाने. गुडघ्याला आधीच बाक दिलेला हवा, आणि आत गुडघ्याचं पॅड घालून सहज वाकता आलं पाहिजे. पँट घ्यायला जाताना पॅड बरोबर न्यावं. पॅडवर इएन 1621-1 असं मानक लिहिलेलं असतं. ते मूळ मोटरसायकलस्वारांसाठीचं आहे, त्यातली दुसरी पातळी पहिलीपेक्षा जास्त आघात शोषते. चढ-उताराच्या साध्या राइडला पहिली पातळी चालते, कारण पॅड जड झालं की लोक ते बॅगेतच ठेवतात.

पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ पँट घ्यावी का, हा प्रश्न दर जूनमध्ये विचारला जातो. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. वॉटरप्रूफ कापडावर 10,000 किंवा 20,000 मिलिमीटर असे आकडे असतात. कापड पाण्याचा किती दाब अडवतं, एवढंच ते सांगतात. घाम बाहेर जायचा तर आतली आणि बाहेरची वाफ यांत फरक लागतो. स्कॉटलंडच्या गार पावसात तो फरक मोठा असतो. ताम्हिणीत किंवा आंबोलीत बाहेरची हवाच उबदार आणि वाफेने भरलेली, त्यामुळे घामाला जायला वाट नाही. माणूस बाहेरून कोरडा आणि आतून चिंब होतो, वर कापडाचं वजन आणि किंमत वेगळी. इथल्या पावसात भिजायचं हे मान्य करून पातळ, लगेच निथळणारी शॉर्ट्स घालावी आणि राइडनंतरच्या कोरड्या कपड्यांची सोय करावी. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या लाल मातीचे डाग जात नाहीत, तेव्हा रंग गडद घ्यावा. जळवा असलेल्या रानात जायचं असेल तर मात्र लांब पँट आणि वर ओढलेले मोजे.

हिमालयाचा हिशेब निराळा. मनालीहून वर जाताना पहाटे बोटं गोठतात आणि दुपारी ऊन भाजतं, तिथे एक वाराप्रतिबंधक पँट बॅगेत असायलाच हवी. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी वॉटरप्रूफ पँट जरूर घ्यावी. त्यांच्यासाठी ती चैन नाही, हिवाळाभर चिखलात फिरण्याची ती अट आहे. घेताना पाणी झटकणाऱ्या लेपात फ्लोरिनयुक्त रसायनं नाहीत ना, हे लेबलवर पाहावं. ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, आणि कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2025 पासून बहुतेक नव्या कपड्यांत त्यांना बंदी घातली आहे.

शेवटचा मुद्दा स्त्रियांच्या कपड्यांचा. त्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त हेळसांड होते. स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर सरासरीने जास्त असतं, म्हणजे पॅडचा दाट भाग वेगळ्या जागी यावा लागतो. पुरुषांसाठीच्या पॅडचा पुढचा उंचवटा स्त्रियांना टोचतो. ‘युनिसेक्स’ म्हणून विकली जाणारी चड्डी प्रत्यक्षात पुरुषांच्याच मापाची असते. कंबर आणि मांडी यांचं प्रमाणही वेगळं, त्यामुळे मांडीला बसणारी शॉर्ट्स कमरेला सैल आणि कमरेला बसणारी मांडीला घट्ट होते. लेगिंग्जवर भागवणाऱ्या अनेक जणी मला माहीत आहेत. त्यांना दोन तासांच्या पुढे राइड नकोशी होते आणि सायकलिंग आपल्याला झेपत नाही असं त्या समजून बसतात. ज्यांना तूर्त दुसरं काही मिळत नाही त्यांनी निदान स्त्रियांच्या मापाची लायनर ऑनलाइन मागवून तिच्यावर नेहमीची ट्रॅकपँट किंवा ढगळ लेगिंग घालावी. बाहेरचा कपडा साधा असला तरी राइड पुरी होते.

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर इथल्या सायकल दुकानदारांना आणि क्लबांना म्हणून एक विनंती आहे. स्त्रियांच्या लायनर किमान तीन मापांत दुकानात ठेवा, घालून बघायला बंद खोली आणि बसून बघायला एक उभी केलेली सायकल ठेवा, आणि क्लबच्या पहिल्या राइडआधी नव्या सभासदांना अंडरवेअर, पॅड आणि कोरडे कपडे यांबद्दल संकोच न करता सांगा.